मृणालताई गोरे यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जून-जुलै आला की मला हे प्रश्न येऊ लागतात. कुणाला कॉलेजचा प्रकल्प करायचा असतो, कुणाला महिला मंडळात दहा मिनिटे बोलायचे असते, तर कुणी स्पर्धा परीक्षेची टिपणे काढत असते. २४ जून हा मृणालताईंचा जन्मदिवस आणि १७ जुलै हा स्मृतिदिन, त्यामुळे हंगाम ठरलेलाच. माझे बालपण गोरेगावात गेले, तेव्हा उत्तर देताना थोडी मायाही मिसळते. ती तुम्ही वजा करून वाचा.

मृणाल गोरे कोण होत्या? थोडक्यात सांगा.

मी त्यांना मुलाबाळांसाठी आणि कुटुंबासाठी झगडलेल्या आमदार म्हणतो. जन्म १९२८, निधन २०१२, वसईला. माहेरचे आडनाव मोहिले. वैद्यकीय शिक्षण घेत होत्या, ते अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीत पूर्णवेळ उतरल्या. सेवा दलातलेच केशव गोरे, ज्यांना सगळे बंडू गोरे म्हणत, यांच्याशी १९४८ मध्ये आंतरजातीय विवाह झाला. दोघांनी गोरेगाव हे कामाचे गाव निवडले. पुढची पायरी प्रत्येक वेळी एकेक मोठी होत गेली: गोरेगावची ग्रामपंचायत, १९६१ मध्ये मुंबई महापालिका, १९७२ मध्ये विधानसभा, १९७७ मध्ये लोकसभा आणि १९८५ मध्ये पुन्हा विधानसभा.

तुम्ही त्यांना मुलाबाळांसाठी आणि कुटुंबासाठी झगडलेल्या आमदार म्हणता. पण त्या तर पाण्यासाठी प्रसिद्ध आहेत ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि माझ्या मते तो प्रश्नातच चुकलेला आहे. पाणी हा मुलांचा विषय नाही असे ज्याला वाटते, त्याने सार्वजनिक नळावर कधी नंबर लावलेला नाही.

नळ येण्याची वेळ कधीच धड नसे. पहाटे तीन, कधी चार. हंडे, कळश्या, डालड्याचे डबे रात्रीच रांगेत मांडून ठेवायचे. पण नुसते डबे ठेवून भागत नसे, कारण कुणीतरी येऊन तुमचा डबा पायाने मागे सरकवतो. मग डब्यांजवळ बसवायला माणूस लागे. घरातला बाप पाळीवर गेलेला, आई चूल आणि तान्हे सांभाळते. उरते कोण? नऊ-दहा वर्षांची मुलगी. ती गुडघ्यात मान घालून रांगेत पेंगते, पाणी आल्यावर दोन खेपा करते आणि सकाळच्या शाळेत पेंगते किंवा शाळेला जातच नाही. घरात पाणी कमी म्हणून हात न धुता जेवलेले लहान भावंड जुलाबाने आजारी पडते, आणि त्याला घेऊन बसायचे कामही तिच्याच गळ्यात येते.

मृणालताईंनी राजकारण सुरू केले ते इथून. बालकल्याण, महिलाकल्याण असे शब्द सरकारी कागदावर जाड टाइपात यायच्या आधी त्या नळाच्या तोटीवर बोलत होत्या.

‘पाणीवाली बाई’ हे नाव कुणी दिले?

लोकांनीच. गोरेगाव १९५७ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. जोगेश्वरीपासून दहिसरपर्यंतची सारी विस्तारित उपनगरे तेव्हा शहराला जोडली गेली. नाव मुंबई झाले, पण मुंबईचे पाणी काही मागोमाग आले नाही. नगरसेविका झाल्यावर ताईंनी सभागृहात हा विषय इतक्या वेळा आणि इतक्या चिकाटीने काढला, मोर्चे इतक्यांदा नेले, की हे नाव चिकटले. काहींनी ते कुचेष्टेने वापरले असेल. बायकांनी ते अभिमानाने घेतले.

राजकारणात येण्यापूर्वी त्या काय करत होत्या?

गोरेगावात महिला मंडळ उभे केले, आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला, ज्या काळी हा विषय बायका आपसातसुद्धा कुजबुजत बोलत, तेव्हा कुटुंब नियोजनाचे काम हाती घेतले. वैद्यकीय शिक्षणाची जी दोन-तीन वर्षे झाली होती ती इथे कामाला आली असावीत असे मला नेहमी वाटते. पाचवे-सहावे बाळंतपण झालेल्या बाईशी तिच्या शरीराबद्दल संकोच न करता बोलणे हे भाषण ठोकण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

१९५८ मध्ये बंडू गोरे गेले. ताई तेव्हा जेमतेम तिशीच्या, पदरात लहान मुलगी. त्यानंतर तीन वर्षांनी त्या महापालिकेत निवडून आल्या. एकटीने मूल वाढवणे म्हणजे काय, हे त्यांना अहवाल वाचून कळलेले नव्हते.

१९७२ ची निवडणूक महत्त्वाची का मानतात?

समाजवादी पक्षाच्या तिकिटावर त्या विधानसभेत गेल्या, आणि त्या वर्षी राज्यातले सर्वांत मोठे मताधिक्य त्यांचे होते असे सांगितले जाते. काँग्रेसचा जोर असलेल्या त्या निवडणुकीत विरोधी पक्षाच्या बाईने असा विजय मिळवणे हे लहानसहान नव्हते. पण माझ्या दृष्टीने त्या वर्षाचे महत्त्व वेगळेच आहे. त्याच वर्षी दुष्काळ होता. आमदारकीची पहिली वर्षे धान्य, साखर, तेल आणि रॉकेल यांच्या मागे धावण्यात गेली.

लाटणे मोर्चा म्हणजे नेमके काय?

१९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. ‘संयुक्त’ या शब्दावर बोट ठेवा. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी: ज्यांचे पुरुष सहकारी एका व्यासपीठावर बसताना खुर्च्यांवरून भांडत, त्या बायका एका ट्रकवर उभ्या राहिल्या.

हत्यार कोणते? लाटणे आणि थाळी. ठरलेल्या वेळी घराघरांतून, चाळींच्या गॅलऱ्यांतून बायका थाळ्या बडवत. हजारो बायका लाटणी उंचावून मोर्चात येत. यात एक व्यावहारिक शहाणपण होते, ते सहसा कुणी सांगत नाही. मोर्चाला यायचे म्हणजे झेंडा हवा, पक्षाचे सभासदत्व हवे, नवऱ्याची परवानगी हवी. लाटणे मात्र प्रत्येकीच्या घरात असते आणि ते हातात घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय पोलिसाला लाटणे जप्त करताना जरा ओशाळल्यासारखे होतेच.

मागण्या तितक्याच साध्या होत्या. रेशनवर धान्य वेळेवर आणि पुरेसे द्या. साखर, वनस्पती तूप, रॉकेल काळ्या बाजारात जाऊ देऊ नका. रॉकेल नाही म्हणजे स्टोव्ह नाही, स्टोव्ह नाही म्हणजे बाळाचे दूध तापत नाही. असा सरळ हिशोब होता.

विधानसभेत आमदार असे प्रश्न कसे मांडतो? मोर्चा आणि सभागृह यांचा संबंध काय?

प्रकल्प करणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे बरेच जण घसरतात.

आमदाराकडे काही ठरावीक साधने असतात. तारांकित प्रश्न विचारला तर मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तातडीच्या सार्वजनिक विषयावर लक्षवेधी सूचना देता येते. त्याहून गंभीर काही घडले तर स्थगन प्रस्ताव मांडता येतो, म्हणजे बाकीचे कामकाज थांबवा आणि आधी यावर बोला. अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना असतात, म्हणजे खात्याच्या मागणीत कपात सुचवायची आणि त्या निमित्ताने त्याच्या कारभारावर बोलायचे. आणि शेवटचे साधन म्हणजे अशासकीय विधेयक, त्याबद्दल पुढे येतेच.

मृणालताईंची रीत अशी की ही साधने आणि रस्ता त्यांनी एकमेकांपासून तोडले नाहीत. सकाळी ज्या वस्तीत जाऊन आल्या त्या वस्तीचे दुखणे दुपारी सभागृहात येई. मंत्र्याने ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हटले की माहिती त्यांच्याकडे आधीच असे, रेशन दुकानाच्या पत्त्यासकट. आणि सभागृहात उत्तर मिळाले नाही तर वस्ती सभागृहाच्या दाराशी येई.

आणीबाणीत त्या कुठे होत्या?

आधी भूमिगत राहून काम केले, नंतर पकडल्या गेल्या आणि तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. इंदिरा गांधींचा रायबरेलीत पराभव झाला होता, आणि ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा त्याच वेळची. मराठीतल्या निवडणूक घोषणांत हिच्या तोडीची दुसरी मला तरी आठवत नाही.

मोरारजी देसाईंनी देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी खरेच नाकारले का?

हो. आरोग्य खाते देऊ केले होते, त्यांनी घेतले नाही. लोकांत राहून काम करणे त्यांना जास्त पसंत होते.

माझे मत विचाराल तर हा निर्णय मला पूर्ण पटलेला नाही. आरोग्य खाते हातात असते तर लिंगनिदानाच्या ज्या प्रश्नावर त्या पुढे विरोधी बाकावरून झगडल्या, तो त्यांना आठ-नऊ वर्षे आधीच, आणि देशपातळीवर, हाताळता आला असता. त्यांच्या चाहत्यांना हे आवडत नाही, ठाऊक आहे.

लिंगनिदानविरोधी कायदा मृणाल गोरे यांनी केला, हे खरे का?

अर्धे खरे, आणि उरलेले अर्धे जास्त रंजक आहे.

गर्भजल परीक्षा ही तपासणी मुळात गर्भातले जन्मजात दोष ओळखण्यासाठी होती. सुईने गर्भाशयातले थोडे पाणी काढायचे, त्यातल्या पेशी तपासायच्या. त्या पेशींतून मुलगा की मुलगी हेही कळते. सरकारी रुग्णालयांत लिंग ओळखण्यासाठी ही परीक्षा करायला सत्तरीच्या दशकातच मनाई झाली, पण खासगी दवाखान्यांवर कसलेच बंधन नव्हते. ऐंशीच्या दशकात मुंबईत याचा उघड धंदा झाला. आज पाचशे रुपये खर्च करा आणि उद्याचे लाखो वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागत. वाचणारे लाखो म्हणजे हुंड्याचे, हे वेगळे सांगावे लागत नसे.

१९८६ च्या सुमारास डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. पन्नासपैकी बेचाळीस डॉक्टर, म्हणजे ८४ टक्के, लिंग ओळखण्यासाठी गर्भजल परीक्षा करत असल्याचे तिच्यातून दिसले. म्हणजे हे काही कोपऱ्यातले, चोरीछुपे चाललेले पाप नव्हते. पांढऱ्या कोटातला नेहमीचा व्यवहार होता.

याच सुमारास मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर, वैज्ञानिक आणि वकील यांनी मिळून लिंगनिदान आणि लिंगनिवडीविरुद्ध मंच उभारला. अभ्यास त्यांचा, रस्त्यावरचा प्रचार त्यांचा. विधानसभेत हा विषय विधेयकाच्या रूपाने नेण्याचे काम मृणालताईंनी केले. त्या विरोधी पक्षात, तेव्हा विधेयक अशासकीय. पुढे सरकारने स्वतःचे विधेयक आणले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला. प्रसूतीपूर्व निदान तंत्राच्या वापरावर नियंत्रण आणणारा हा देशातला पहिला कायदा. त्याच्यावर नाव सरकारचे आहे. त्याच्या पाठीमागे मंचाची टाचा झिजवणारी वर्षे आहेत, आणि सभागृहात दार ठोठावणारी एक बाई आहे.

अशासकीय विधेयक बहुतेक वेळा मंजूर होतच नाही. मग त्याचा उपयोग काय?

मंत्री नसलेल्या कोणत्याही सदस्याने मांडलेले विधेयक ते अशासकीय. त्यासाठी साधारणपणे शुक्रवारचा काही वेळ राखून ठेवलेला असतो, आणि अधिवेशन आटोपते घ्यायचे ठरले की पहिला बळी त्याच वेळेचा जातो. बहुमत सरकारचे असते, त्यामुळे ती मंजूर होणे दुर्मीळ.

तरी त्याचा दाब असतो. विधेयक दाखल झाले की खात्याला त्याचा अभ्यास करावा लागतो, फाइल उघडावी लागते, मंत्र्याला सभागृहात उभे राहून काहीतरी भूमिका घ्यावी लागते. ‘आम्ही याच्या विरोधात आहोत’ असे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. मग उत्तर येते, सरकार स्वतः सर्वंकष विधेयक आणणार आहे, सदस्यांनी आपले मागे घ्यावे. हे वाक्य रेकॉर्डवर गेले की पुढच्या अधिवेशनात त्याचा पाठपुरावा करता येतो. दिल्लीत प्रमिला दंडवते यांनी हुंड्याच्या प्रश्नावर हाच मार्ग चोखाळला होता.

मग मृणालताई गर्भपाताच्या विरोधात होत्या का?

नाही. हा घोळ आजही अगदी शिकलेल्या माणसांत आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. भारतात १९७१ च्या कायद्याने काही अटींवर गर्भपात कायदेशीर झाला. हा हक्क बायकांना हवा यावर स्त्री चळवळ ठाम होती आणि आहे. कुटुंब नियोजनाच्या कामापासून सुरुवात केलेल्या बाईला हे वेगळे समजावून सांगायची गरजच नव्हती. विरोध होता तो मुलगी आहे म्हणून गर्भ काढण्याला, आणि त्यासाठी लिंग सांगून पैसे कमावण्याला.

म्हणूनच ‘स्त्री-भ्रूणहत्या’ हा शब्द चळवळीतल्या अनेकींना खटकतो. ‘हत्या’ म्हटले की बोट गर्भपात करणाऱ्या बाईकडे वळते, तपासणी विकणाऱ्याकडे नाही. मी स्वतः ‘गर्भलिंगनिवड’ म्हणतो. वर्तमानपत्रे ऐकत नाहीत, तो भाग निराळा.

१९८८ च्या कायद्याने फरक पडला का?

आकडे आधी देतो. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, २००१ मध्ये ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ती ८०७ होती. म्हणजे कायदा झाला आणि आकडा खाली गेला.

याचा अर्थ कायदा फुकट गेला असा लावणारे बरेच भेटतात. मला तसे वाटत नाही, पण त्यात मोठ्या फटी होत्या हे मान्य. एक म्हणजे तो फक्त महाराष्ट्रापुरता होता. सीमेवरच्या जिल्ह्यातून शेजारच्या राज्यात जायला एसटीचे तिकीट काढले की झाले. दुसरी फट यंत्राची. कायद्याचा मुख्य रोख गर्भजल परीक्षेवर होता, आणि ती सुईची, थोडी जोखमीची, मोठ्या शहरात होणारी तपासणी. पुढे सोनोग्राफी तालुक्याच्या गावी पोहोचली. सुई नाही, वेदना नाही, पंधरा मिनिटांचे काम. त्या वेगाला कायदा पुरा पडला नाही.

मात्र महाराष्ट्राने वाट पाडली आणि देशाला त्या वाटेने यावे लागले. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तो कागदावरच राहिला म्हणून २००० मध्ये मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था आणि याच प्रश्नावर काम करणारे डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने राज्यांना जाब विचारला, आणि २००३ मध्ये सुधारणा होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याखाली आली. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भधारणापूर्व आणि प्रसूतीपूर्व निदान तंत्र कायदा, हे अवघड नाव तेव्हापासूनचे.

आणि तरीही मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले.

आजच्या कायद्यात शिक्षा काय आहे?

लिंग सांगणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पन्नास हजारांपर्यंत. दोष सिद्ध झाला की वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीतून नाव पहिल्यांदा पाच वर्षांसाठी आणि पुन्हा गुन्हा केल्यास कायमचे काढले जाते. डॉक्टरांना कैदेपेक्षा याची धास्ती जास्त. तपासणी करवून घेणाऱ्या नातेवाइकांनाही शिक्षा आहे. गर्भवती बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असे मात्र कायदाच गृहीत धरतो, उलट सिद्ध होईपर्यंत.

सोनोग्राफीच्या वेळी ‘सहज’ विचारले तर चालते का?

नाही. खूण करून सांगणे, पेढा की बर्फी म्हणणे, सगळे गुन्ह्यातच येते. सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी मराठीत लावणे बंधनकारक आहे, आणि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा ‘एफ’ नमुन्यातला अर्ज भरावा लागतो. त्यात आधीची मुले किती, मुलगे किती, मुली किती हेही लिहावे लागते. अनेक डॉक्टर या अर्जाला वैतागतात. पण दोन मुली असलेल्या बायका एकाच केंद्रात रांग लावत असतील तर ते या कंटाळवाण्या कागदांवरूनच उघडकीला येते.

तक्रार कुठे करायची?

कायद्यात ‘समुचित प्राधिकारी’ असा शब्द आहे. जिल्ह्याला जिल्हा शल्यचिकित्सक, महापालिकेत आरोग्य अधिकारी. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही हालचाल झाली नाही तर कोणीही नागरिक थेट न्यायालयात जाऊ शकतो.

स्वाधार काय आहे?

गोरेगावातल्या केशव गोरे स्मारक ट्रस्टच्या आश्रयाने १९८३ मध्ये सुरू झालेले स्त्रियांचे आधार केंद्र. मारहाण, हुंड्याचा छळ, घरातून हाकलणे, पोटगी न मिळणे अशी दुखणी घेऊन बायका तिथे येतात. आधी नीट ऐकून घेतले जाते, मग दुसऱ्या बाजूला बोलावतात, गरज पडली तर वकील आणि पोलीस.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कुटुंबासाठी काम करणारे अनेक पुढारी ‘घर टिकले पाहिजे’ एवढेच म्हणतात. समाजवादी महिलांच्या या पठडीत घर टिकण्यापेक्षा त्यातली बाई आणि तिची मुले टिकणे आधी. अशा केंद्रात कार्यकर्तीच्या टेबलाशी बसलेल्या बाईच्या मांडीवर बहुधा एक मूल असते आणि दुसरे बाकाखाली खेळत असते. कौटुंबिक हिंसाचाराचा केंद्रीय कायदा २००५ मध्ये आला. गोरेगावात हे काम त्याच्या बावीस वर्षे आधीपासून चालू होते.

घरांच्या प्रश्नात त्यांचा काय वाटा?

नागरी निवारा परिषद. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरातली जास्तीची जमीन सरकारकडे यायची होती, आणि तिच्यावर गरिबांसाठी घरे व्हायची होती. कागदावर. मृणालताई, बाबूराव सामंत, पी. बी. सामंत आणि सहकाऱ्यांनी ‘आहे कुठे ती जमीन?’ असे विचारत हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेला. अखेर दिंडोशीला सहा हजारांहून जास्त कुटुंबांची वसाहत उभी राहिली. घरे लहान, पण स्वतःची. भाड्याच्या झोपडीतून दर पावसाळ्यात बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला एकाच शाळेत चार वर्षे सलग जाता येणे म्हणजे काय, हे त्या वसाहतीतल्या माझ्या एका मित्राने मला एकदा सांगितले होते. त्याच्या आधी त्याच्या तीन शाळा झाल्या होत्या.

महाराष्ट्राने तो जमीन कायदा २००७ मध्ये रद्द केला. मृणालताईंच्या हयातीतच.

त्या विधानसभेतल्या पहिल्या महिला विरोधी पक्षनेत्या होत्या ना?

नाही. १९८८-८९ मध्ये त्या विरोधी पक्षनेत्या होत्या हे बरोबर, पण प्रतिभाताई पाटील त्यांच्या आधी, १९७९-८० मध्ये, त्या पदावर होत्या. ‘पहिल्या महिला’ हे विशेषण आपण फार सढळपणे वाटतो. टिपणांत दुरुस्ती करा.

त्यांच्या कामात काही उणे नव्हते का?

होते. समाजवाद्यांच्या सततच्या फाटाफुटीत त्यांच्या शक्तीचा बराच भाग वाया गेला. त्यांच्यामागे त्यांच्या ताकदीची दुसरी फळी विधानसभेत उभी राहिली नाही. संस्था टिकल्या, पण सभागृहातली ती खुर्ची रिकामी राहिली. आणि गोरेगाव-मालाडच्या बाहेर, ग्रामीण महाराष्ट्रात, त्यांचे नाव आदराने घेतले जाते तेवढेच. त्यांच्या पक्षाची मुळे तिथे त्या प्रमाणात पोहोचली नाहीत.

प्रकल्पासाठी अस्सल साहित्य कुठे मिळेल?

विधानसभेच्या कामकाजाची छापील कार्यवृत्ते बघा. विधानमंडळाच्या ग्रंथालयात ती आहेत. १९७२ ते ७७ आणि १९८५ ते ९० ही वर्षे मागा. भाषणांपेक्षा प्रश्नोत्तरे वाचा, मजा तिथे आहे. गोरेगाव पश्चिमेला आरे रोडवरच्या केशव गोरे स्मारकात प्रत्यक्ष जा. आणि जमल्यास सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या गोरेगावकर आजीशी तासभर बोला. मात्र जाताना दुपारची झोपेची वेळ टाळा.

गोरेगावात त्यांचे स्मारक आहे का?

त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. रिक्षावाल्याला ‘मृणालताई गोरे पूल’ म्हटले की तो बरोबर नेतो. पुलाऐवजी एखाद्या जलवाहिनीला त्यांचे नाव द्यायला हवे होते, असे माझी आई म्हणते.

आता तरी गोरेगावात पाणी चोवीस तास येते का?

नाही. मुंबईत पाणी ठरावीक वेळीच सुटते, अजूनही. आमच्या इमारतीत पहाटे येते आणि टाकी भरली की पंप बंद करावा लागतो. पूर्वी ते काम वॉचमनकडे होते, सध्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गजर लावला आहे.